तोंड भिंतीकडे

विमलअक्का तासगावकरांना गिटार मुळीच आवडत नसे. "पोट एवढं मोठं आणि आवाज किडका," हे त्यांचं त्या वाद्याबद्दलचं मत, आणि ते त्या कुणीही न विचारता सांगत, गिटार वाजवणाऱ्यांना तर आवर्जून सांगत. असं असून जपानपासून टास्मानियापर्यंतच्या गिटारवेड्या मंडळींत त्यांचं जेवढं नाव होतं, तेवढं हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या एखाद्या बड्या शेठजीचं त्याच्या स्वतःच्या गल्लीतही नसेल. हे नाव माझ्या डोळ्यांदेखत झालं. माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी ते मिळवलं आणि मी मात्र शेवटपर्यंत 'इंटरनेटवाला दत्ता'च राहिलो. याबद्दल माझी काही तक्रार नाही. थोडी आहे, पण ती असू दे.

नव्वदच्या दशकात माझा कोप्पीकर रोडवर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. लोक काचेच्या खोक्यात शिरून मुंबई-बंगळूरला ओरडून बोलायचे आणि मी बाहेर बसून सगळ्यांची गुपितं फुकट ऐकायचो. मग घरोघरी फोन आले, बूथ बसला, आणि मी कर्ज काढून तीन कॉम्प्युटर मांडले. निकाल बघणारी पोरं, मुलींशी चॅटिंग करणारी पोरं, आणि परदेशातल्या पोरांना ईमेल धाडणारे आईबाप, एवढंच माझं गिऱ्हाईक. त्यामुळे साठीच्या, सुती पातळातल्या, उन्हातही छत्री मिटून हातात धरलेल्या एक बाई जिना चढून आल्या, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "या अक्का. मुलगा कुठं असतो? अमेरिका का दुबई?"

"मला मुलगा नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली. ती खणखणली. "मला गिटारीच्या खुंट्या विकायच्यात. तुझ्या मशीनवर लिलाव होतो म्हणे."

अक्का धारवाडात मुलींच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान वसंतराव यांचं सुभाष रोडला लागून असलेल्या एका बोळात वाद्यदुरुस्तीचं दुकान. मूळचे तासगावकडचे, दोन पिढ्यांपूर्वी इकडं आलेले. पेटी, तबला, तंबोरा हा खरा धंदा, पण हुबळीच्या रेल्वे वसाहतीतले गिटार-बँडवाले त्यांच्याकडेच येत. तिथं एके काळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे त्यांच्या क्लबात, नाच व्हायचे, ऑर्केस्ट्रा व्हायचे. मग ती मंडळी हळूहळू कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी इंग्लंडला निघून गेली आणि जाताना मोडकी विलायती वाद्यं वसंतरावांना विकून गेली. वसंतरावांनी ती भिंतीवर टांगली. वसंतराव गेल्यावर अख्खं दुकान अक्कांच्या गळ्यात आलं. पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, की या जुन्या गिटारींच्या सुट्या भागांसाठी जगभर लोक जीव टाकतात, लिलावाच्या साइटवर घालून बघ. त्या दुसऱ्या दिवशी सिटी बस धरून हुबळीला आल्या.

"धारवाडात नाहीत काय इंटरनेटवाले?" मी विचारलं.

"आहेत की. पण जिथं जाईन तिथं माझी विद्यार्थिनी. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींसमोर बसून मी 'हे बटण कुठलं गं' म्हणून विचारू?"

माझ्यासमोर विचारायला त्यांना काही वाटलं नाही. उलट, दोनतीन दिवस माझ्याकडून शिकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दत्ता, तुला येतं सगळं, पण शिकवता येत नाही. तू एकदम शेवटाला जातोस. मधलं कोण सांगणार?" मग त्यांनी मलाच मधलं सांगायला लावलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते मधलं तेव्हाच नीट कळलं.

त्या काळी डिजिटल कॅमेरा माझ्या आवाक्यात नव्हता. वस्तूचा फोटो कसा घालायचा? अक्कांनी खोलीभर नजर फिरवली, माझ्या नव्याकोऱ्या स्कॅनरचं झाकण उचललं आणि त्या काचेवर गिटारची लोखंडी शेपटी, म्हणजे तारांची टोकं अडकवायची पट्टी, ठेवायला निघाल्या. मी ओरडलोच. त्यांनी शांतपणे पिशवीतून वसंतरावांच्या जुन्या धोतराचा तुकडा काढला, वस्तू अलगद काचेवर ठेवली आणि वरून धोतर पांघरलं. पडद्यावर उमटलेलं चित्र इतकं स्वच्छ होतं, की गंजाचा कण न् कण मोजावा. कडेला धोतराचा तांबडा काठ दिसत होता. पुढं तो काठ हीच त्यांची निशाणी झाली. परदेशातली माणसं तो काठ बघून ओळखायची, की ही वस्तू धारवाडच्या बाईंची.

पण काठ ही वरवरची गोष्ट. खरी गोष्ट म्हणजे त्यांची जाहिरात. सगळं जग 'उत्तम', 'दुर्मिळ', 'अप्रतिम' अशी सुरुवात करायचं. अक्कांची पहिली ओळ नेहमी एकच असायची: 'दोष.' सहा खुंट्यांपैकी तिसरी घट्ट फिरते. तारा पेलणाऱ्या घोडीला डावीकडं केसाएवढी चीर आहे. या बटणाला माझ्या नवऱ्यानं एकदा गोंद लावला होता आणि तो चांगला गोंद नव्हता. असे सगळे दोष संपल्यावर शेवटी एखाद्या ओळीत वस्तूचं नाव. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अक्का, असं लिहिलं तर कुत्रंसुद्धा हुंगणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "माझं लग्न कसं ठरलं माहिताय? हे बघायला आले. पोहे यायच्या आधी, सगळ्यांदेखत, हे म्हणाले, 'मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. आणि माझा धंदा वाद्यं दुरुस्त करायचा आहे.' माझे वडील पाणी पिता पिता थांबले. मी आतूनच ठरवलं, हाच. खोड आधी सांगणारा माणूस पुढं काय लपवणार?"

वस्तू विकल्या गेल्या. नुसत्या विकल्या गेल्या नाहीत, तर माणसं वाट बघू लागली. ज्या बाई एवढ्या खोडी सांगतात, त्यांच्या वस्तूत न सांगितलेली खोड नसणार, हे लोकांना कळायला वेळ लागला नाही. माझं डोकं खाजवत मी बघत राहिलो.

पार्सल बांधणं हा एक सोहळाच असे. वस्तू कापसात, कापूस डब्यात, आणि डबा मांजरपाटाच्या कापडात. ते कापड अक्का हातानं शिवत, इतक्या बारीक टाक्यांनी की सोनारानं बघावं. सांध्यांवर लाखेची मोहर. धारवाडच्या मोठ्या पोस्टात काउंटरवर त्यांचीच एक विद्यार्थिनी होती. अक्का रांगेत उभ्या राहिल्या की ती आत खुर्चीवरून उठून उभी राहायची आणि त्यांचं पार्सल घेईपर्यंत बसायची नाही. मागची माणसं कुरकुरली तर तीच त्यांना गप्प बसवायची.

आणि त्या पार्सलबरोबर एक चिठ्ठी. इथं त्यांचा भूगोल कामाला यायचा. धारवाड सोडून अक्का दक्षिणेला शिरसीच्या आणि उत्तरेला मिरजेच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या. पण टास्मानियाचा पत्ता आला की हात क्षणभर थांबवून म्हणायच्या, "हं. दक्षिण गोलार्ध. सफरचंदांचा हंगाम उरकत आला असेल." आणि तसं चिठ्ठीत लिहायच्या. जपानातल्या होक्काइदोच्या माणसाला विचारायच्या, की यंदा समुद्रावर बर्फ लवकर आला का आणि त्याचा बटाट्यावर काही परिणाम झाला का. तो माणूस वेडाच झाला. त्यानं उलट ईमेल लिहिली, की मी इथं जन्मलो, पण भारतातून मला माझ्या गावचा बर्फ विचारणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. टास्मानियावाल्यानं आपल्या बागेचे फोटो धाडले. अक्का पडद्याजवळ नाक नेऊन ते बघत बसल्या. "एवढी वर्षं नकाशावर काठी ठेवून सांगत होते, की इथं सफरचंदं पिकतात," त्या म्हणाल्या. "खरंच पिकतात की रे." त्यांच्या आवाजात इतकं नवल होतं, की शेजारी चॅटिंग करणारा पोरगाही मान वळवून बघायला लागला.

लिलाव हा प्रकार मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. एकदा दोघा गिऱ्हाइकांत जुंपली. दोघंही एका शेपटीसाठी किंमत चढवत होते आणि वेळ संपत आली होती. मी खुशीत टाळ्या पिटत होतो. अक्का खुर्चीवरून उठून उभ्या. "अरे थांबव त्यांना! एवढ्याची ती वस्तू नाही!" मी म्हटलं, असं थांबवता येत नाही. तर त्यांनी बसून दोघांनाही लिहिलं: आपण भांडू नये, माझ्याकडं अशीच दुसरी आहे, जो हरेल त्याला ती देते, दोष मात्र एक जास्त आहे. वर मलाच म्हणाल्या, "साकप्पा साकु, पुरे झालं बाबा. शाळेत पोरी एका खडूसाठी भांडायच्या, ते बरं."

त्या साइटवर प्रत्येक विक्रेत्याला शेरे मिळायचे. चांगला हिरवा, वाईट लाल. अक्कांचे सगळे हिरवे. नावापुढं शंभर टक्के. सगळं काम आटोपल्यावर, छत्री उचलायच्या आधी, त्या तो शंभरचा आकडा एकदा बघायच्या आणि पदरानं पडद्यावरची धूळ पुसायच्या. नोकरीत इन्स्पेक्टरनं कधी वाईट शेरा मारला नाही, हे त्या अभिमानानं सांगायच्या. हा आकडाही त्यांना तसाच वाटत असावा. बाकी त्यांना स्वतःचं कौतुक चालत नसे, पण या आकड्याचं चालायचं.

एकदा माझ्या कामाला धारवाडला गेलो, तेव्हा त्यांच्या दुकानात डोकावलो. अक्का स्टुलावर बसून एक खुंटी रॉकेलनं पुसत होत्या. भिंतभर खिळे, निम्म्यांवर अजून गिटारी. तेवढ्यात डोक्यावर फेल्ट हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ पायरीपाशी आले. उजवा हात सारखा थरथरत होता. त्यांनी हॅट काढली आणि भिंतीकडं बघत राहिले.

"मिस्टर तासगावकर?" त्यांनी विचारलं.

"ते गेले," अक्का म्हणाल्या. "मी त्यांची मिसेस. बसा की."

ते रॉड्रिग्स. रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर, जन्म हुबळीच्या रेल्वे वसाहतीतला. ऐन तारुण्यात गिटार दुरुस्तीला टाकली आणि आठवड्यातच गुंतकलला बदली झाली. पुढल्या महिन्यात जाऊ, नाताळला जाऊ, असं करता करता नोकरी संपली. आता बायको वारली होती आणि ते हुबळीत केश्वापूरला मुलीकडं राहायला आले होते. "मिसेस माझी त्या गिटारवर इन्स्टिट्यूटमधे नाचायची," ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. "पहिली भेट तिथंच. मला ती गिटार पायजे, मॅडम. मागं इंजिनच्या निखाऱ्याचा डाग हाय तिला."

"अहो, दुरुस्तीची म्हणून इथं एकही वस्तू उरलेली नाही," अक्का म्हणाल्या. "सगळ्या आमच्याच."

"उरली असणार. तासगावकरनी माझ्यासमोर टांगली. बोलले, दुकानाचा माल, तोंड रस्त्याकडं. गिऱ्हाइकाचा माल, तोंड भिंतीकडं. तो विकायचा नाय, माणूस येईपर्यंत."

अक्कांच्या हातातली खुंटी खाली पडली. ती उचलायला त्या वाकल्या नाहीत.

वसंतराव असताना अक्का दुकानात फारशा आल्याच नव्हत्या. दिवसभर शाळा असायची. वसंतराव गेल्यावर पहिली खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं, वजनकाटे, गाड्या, जे पोटाला देतं त्या सगळ्याची पूजा. अक्कांनी एकेक वाद्य खाली काढलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि परत टांगलं. तेव्हा एक वाद्य त्यांना भिंतीकडं तोंड करून टांगलेलं दिसलं होतं. पूजेच्या दिवशी देवाकडं पाठ कशी, म्हणून त्यांनी ते मोठ्या भक्तीनं पुढं वळवून ठेवलं. दरवर्षी वसंतरावही तसंच करत असणार, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भिंतीकडं फिरवत असणार. पण तो दुसरा दिवस अक्कांना कुणी सांगितला नव्हता. आमचं बोलणं ऐकून शेजारचे टोपीवाले मल्लप्पा आले, त्यांनीही होकारार्थी मान डोलवली. "हौद्री अक्का, खरं आहे. बाकीची ज्याची त्यानं नेली. एकच उरली होती तशी."

अक्का उठल्या. कोपऱ्यातल्या खिळ्यावर एक गिटार होती. नुसतं धड आणि मान. खुंट्या नाहीत, घोडी नाही, तारांखालचा तो आवाज पकडणारा पिकअप नाही. त्यांनी ती काढून उलटी केली. पाठीवर रुपयाएवढा काळा डाग होता.

अक्का त्या म्हाताऱ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, शाळेत उभ्या राहत असतील तशा, आणि म्हणाल्या, "दोष आधी सांगते. तुमची गिटार मी सुटी करून विकली. चूक माझी. ह्यांची नाही."

रॉड्रिग्स बराच वेळ त्या धडावर हात फिरवत होते. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मॅडम. उशीर मीच केला."

"राहू दे कसं?" अक्का कडाडल्या. "ह्यांनी तुम्हाला शब्द दिला होता. हे गेले म्हणून शब्द गेला काय? नाताळपर्यंत थांबा."

"मी थांबतो, मॅडम. पण हा हात थांबेल का बघा," ते हसून म्हणाले आणि थरथरणारा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी अक्का माझ्या जिन्यात बसलेल्या. खुंट्या होक्काइदोला गेल्या होत्या, घोडी टास्मानियाला, पिकअप अमेरिकेत मिसिसिपीकाठच्या एका गावी. त्यांनी तिघांना लिहिलं. पहिली ओळ अर्थातच दोषाची होती: 'मी तुम्हाला विकलेली वस्तू माझी नव्हती.'

मी मनात म्हटलं, कोण कशाला परत देतंय? पैसे मोजून घेतलेली वस्तू, हजारो मैलांवर. पण होक्काइदोचं पार्सल आलं. मूल्य परत घेणार नाही, असं त्यानं कळवलं होतं. पार्सल आमच्याच मांजरपाटात होतं. त्यानं ते कापड जपून ठेवलं होतं, आणि अक्कांसारखं हातानं शिवायचा प्रयत्न केला होता. टाके वाकडेतिकडे, मधेच सुटलेले. अक्कांनी बोटानं ते टाके चाचपले. म्हणाल्या, "पहिल्याच खेपेला एवढं जमलं, म्हणजे पोरगा हुशार आहे." तो पोरगा दात पडलेला आजोबा होता, हे त्याच्या फोटोवरून मला ठाऊक होतं. टास्मानियावाल्यानं घोडी लेकीच्या गिटारीला बसवून टाकली होती. अक्कांनी त्याला दुकानातली दुसरी धाडली, ती पोचल्यावर त्यानं पहिली काढून पाठवली, सोबत एक वाळकं सफरचंदाचं पान.

मिसिसिपीवाला मात्र उत्तरच देईना. नाताळ तोंडावर आला. मी रोज साइट चाळत होतो, आणि एका सकाळी मला पडद्यावर वसंतरावांच्या धोतराचा तांबडा काठ दिसला. पठ्ठ्यानं आमचंच चित्र वापरून तो पिकअप परत लिलावात काढला होता. खाली लिहिलं होतं, 'संपूर्ण निर्दोष.'

अक्कांना तो पिकअप दिसल्याचा आनंद झाला असेल, पण आधी राग आला. "निर्दोष? आतली तार तुटली होती. ह्यांनी कथलाचा डाक लावून जोडलेली. पावसाळी हवेत घुमतो तो. मी स्वच्छ लिहिलं होतं!"

किंमत चढत होती. अक्कांनीही बोली लावली. चार जण आणखी होते आणि चौघंही जोरात. अक्का म्हणाल्या, "या चौघांना लिहिते मी. खोड सांगते."

"अक्का, असं करू नका," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या लिलावात नाक खुपसलेलं चालत नाही. तो चिडून लाल शेरा मारेल. तुमचे शंभर जातील."

त्यांनी आकड्याकडं पाहिलं. पदर हातात धरून बराच वेळ पाहिलं. त्या काय गमवायला निघाल्या होत्या, ते त्या आकड्याकडं रोज बघणाऱ्या मला तरी पक्कं ठाऊक होतं. मग त्या म्हणाल्या, "ती वस्तू माझ्या हातून गेलीय. खोड मला माहीत आहे. आता त्यांना फसू देऊ काय?" आणि टाइप करायला लागल्या, एका बोटानं, पण एकही चूक न करता.

तासाभरात एकेक करून चौघंही बोलीतून बाजूला झाले. पिकअप अक्कांना मिळाला. मी उडीच मारली. "काय डोकं चालवलंत अक्का! सगळ्यांना घाबरवून पळवलंत!"

माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, की शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. "पळवलं? वाच की काय लिहिलंय ते."

मी वाचलं. पहिल्याच ओळीत होतं: 'हा पिकअप मला स्वतःलाच हवा आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवताना हे लक्षात घ्यावं.' त्याखाली तारेची खोड. आणि शेवटी, आपण का शोधतो आहोत ते, दोन ओळींत. ते चौघं खोडीला घाबरून हटले, की त्या दोन ओळी वाचून, हे मला सांगता येणार नाही. आपली खोडसुद्धा आधी सांगणाऱ्या त्या बाईंसमोर मला त्या वेळी नुसते हात जोडावेसे वाटले. मी काही जोडले नाहीत, चहा मागवला.

लाल शेरा आलाच. शंभरचे नव्व्याण्णव झाले. अक्का म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. त्याचा धंदा मी मोडला." त्या दिवशी निघताना त्यांनी पडद्यावरची धूळ पुसली, पण आकडा बघितला नाही. नंतरही कधी बघितला नाही.

नाताळच्या आधी गिटार जोडून झाली. तारा चढवायला हुबळीचा एक ऑर्केस्ट्रावाला बोलावला, बाकी सगळं अक्कांनी वसंतरावांच्या हत्यारांनी स्वतः केलं. रॉड्रिग्स साहेब सूट घालून आले. अक्कांनी गिटार त्यांच्या हातात द्यायच्या आधी दोष सांगितले: तिसरी खुंटी घट्ट आहे, पिकअप पावसाळ्यात घुमेल, घोडी टास्मानियाला जाऊन आलीय, थोडी झिजली असेल. ते मान डोलवत ऐकत होते. मग त्यांनी तारा सुरात लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली.

हात थरथरत होता. सूर मधेच अडायचे, ते थांबायचे, पुन्हा तिथूनच धरायचे. कसला तरी जुना नाचाचा ठेका असावा. टोपीवाले मल्लप्पा पायरीवर येऊन उभे राहिले. अक्का स्टुलावर मांडीत हात ठेवून ताठ बसल्या होत्या. वाजवून झालं. मग अक्का म्हणाल्या, "आवाज किडकाच आहे," आणि पदरानं डोळे पुसले. रॉड्रिग्स साहेब इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

पुढं दोनेक वर्षांत लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि माझे कॉम्प्युटर धूळ खायला लागले. सुभाष रोडच्या बोळातलं दुकानही मालकाला परत हवं होतं. माल बहुतेक जगभर जाऊन पोचला होता. दुकान रिकामं करायच्या दिवशी मी मदतीला गेलो. भिंतीवर नुसते खिळे उरले होते. फक्त कोपऱ्यातल्या खिळ्यावर एक गिटार, तोंड भिंतीकडे, पाठीवर काळा डाग.

रॉड्रिग्स साहेब त्या पावसाळ्यात गेले होते. त्यांची मुलगी गिटार आणून देऊन गेली होती. पप्पांनी सांगितलं होतं, मॅडमना द्या, विकली तरी चालेल, असं ती म्हणाली होती.

"अक्का, मग आता ही..." मी म्हणायला लागलो.

"खाली उतरव," त्या म्हणाल्या. "तोंड इकडं करू नकोस."

मी ती तशीच उतरवली. बाकीचं सामान टेम्पोत गेलं, पण गिटार त्यांनी टेम्पोत ठेवू दिली नाही. आम्ही स्टॉपवर येऊन उभे राहिलो. त्यांच्या घराकडं जाणारी माळमड्डीची सिटी बस आली. मी त्यांना चढवलं, गिटार वर दिली. गर्दी होती. कंडक्टरनं त्या एवढ्या मोठ्या पोटाकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "यारद री इदु, अक्का?" कुणाचं हो हे?

"गिराकीदप्पा," अक्का म्हणाल्या. गिऱ्हाइकाचं आहे बाबा.

त्या खिडकीशी बसल्या आणि गिटार मांडीवर अशी धरली, की तिचं तोंड त्यांच्या छातीकडं राहील. बस वळली तेव्हा मला खिडकीत गिटारची पाठ दिसली, तिच्यावरचा तो जळका डाग आणि डागावर ठेवलेला अक्कांचा हात.